रात्री रंगीत चित्र हवंय? आधी दिवा, मग कॅमेरा: कोकणातल्या घरांसाठी क्रमवार मार्गदर्शन

गावच्या बंद घराला कॅमेरे बसतात. दिवसा मोबाइलवर अंगणातली तुळस पानापानांसकट दिसते आणि मुंबईत बसलेला मालक निर्धास्त होतो. पुढे आंब्याच्या हंगामात कोणीतरी रात्री कलमांत शिरतं. रेकॉर्डिंग काढून बघावं तर एक पांढुरकी आकृती गडगा ओलांडताना दिसते. शर्ट कुठल्या रंगाचा, चेहरा कोणाचा, काही कळत नाही. मग कॅमेरावाल्याला फोन जातो, तो आणखी महागडा कॅमेरा सुचवतो आणि तोही त्याच वळचणीला, त्याच काळोखात ठोकला जातो.

चूक क्रमात आहे. लोक आधी कॅमेरा घेतात, मग वायर जिथे सहज पोचते तिथे बसवतात, मग सेटिंगशी खेळतात. उजेडाचा विचार सगळ्यात शेवटी, तोही झाला तर. रात्री रंग हवे असतील तर क्रम असा ठेवा: काय ओळखायचं ते ठरवणं, उजेड, जागा, कॅमेरा, वायरिंग, सेटिंग, चाचणी. त्यानंतर राहते ती देखभाल, आणि खाऱ्या वाऱ्यात ती टाळून चालत नाही.

सुरुवातीलाच एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे निम्मे फोन वाचतील. साधा नाइट व्हिजन कॅमेरा काळोख पडला की सेन्सरपुढचा इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर बाजूला सरकवतो (जवळ उभं राहिलं तर 'टिक्' असा आवाज येतो) आणि स्वतःचे इन्फ्रारेड दिवे लावतो. हे दिवे बहुतेक वेळा 850 नॅनोमीटरचे असतात, त्यांची बारीक लाल चमक दिसते. त्या प्रकाशात रंगाची माहितीच नसते. काळा टी-शर्टसुद्धा त्यात पांढरट दिसू शकतो. म्हणून कृष्णधवल आलेल्या चित्रातून कुठलंही सेटिंग फिरवून रंग काढता येत नाही. रंगासाठी डोळ्याला दिसणारा उजेड लागतो.

टप्पा 1: प्रत्येक कॅमेऱ्याला एकच प्रश्न द्या

कागदावर घराचा आराखडा काढा: बेडं किंवा गेट, अंगण, पडवी, मागचं दार, विहीर, मांगर, गाडी लावायची जागा. प्रत्येक ठिकाणापुढे एक प्रश्न लिहा. 'कोण आत आलं?' हा चेहऱ्याचा प्रश्न आहे. 'कलमांत कोणी आहे का?' हा नुसत्या हालचालीचा प्रश्न आहे. पहिल्याला रंग आणि बारकावा लागतो. दुसऱ्याला साधा इन्फ्रारेड कॅमेरा पुरतो, आणि दोन एकर बाग रात्रभर उजळत बसण्यापेक्षा तोच बरा.

अंतराचा हिशेब इथेच करा. अनोळखी माणसाचा चेहरा ओळखायचा तर चित्रात एक मीटर रुंदीला साधारण 250 पिक्सेल लागतात, ओळखीचा माणूस कळायला 125 पुरतात. 4 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचं चित्र 2560 पिक्सेल रुंद असतं. त्याला 2.8 मिमीची रुंद लेन्स असेल तर अनोळखी चेहरा जेमतेम 4 मीटरपर्यंत ओळखू येतो, 6 मिमीची असेल तर साधारण 10 मीटरपर्यंत. दुकानात बहुतेकदा 2.8 किंवा 3.6 मिमीच हातात ठेवतात, कारण त्यात 'सगळं अंगण येतं'. येतं खरं, पण गेटवरचा माणूस त्यात बोटाएवढा दिसतो.

गाडीची नंबर प्लेट हा वेगळाच मामला आहे. हल्लीच्या प्लेटा चमकणाऱ्या असतात, वर हेडलाइटचा झोत. तिच्यासाठी जलद शटर (एका फ्रेमसाठी उजेड आत घेण्याचा वेळ) लावलेला स्वतंत्र कॅमेराच लागतो. चेहरा, रंग आणि नंबर एकाच कॅमेऱ्याकडून मागू नका.

तपासा: यादीत चेहऱ्याचे प्रश्न किती निघाले? साध्या घराला दोन-तीनच निघतात. रंगीत चित्रावर पैसे घालायचे ते तिथेच.

टप्पा 2: उजेड

सगळ्यात जास्त वेळ या टप्प्याला द्या. नेमका तोच दुर्लक्षित राहतो.

*किती हवा?* माणूस जिथून जाणार तिथे चेहऱ्याच्या उंचीवर 5 ते 10 लक्स (लक्स म्हणजे उजेडाचं माप) उजेड असेल, तर बऱ्यापैकी कॅमेरा चांगलं रंगीत चित्र देतो. पौर्णिमेचं चांदणं 1 लक्सही भरत नाही. मोबाइलवर लक्स मोजायचं ॲप घेता येईल. फोनचा पडदा दिव्याकडे करून चेहऱ्याच्या उंचीवर धरा. आकडा अगदी काटेकोर नसला तरी दोन जागांची तुलना करायला पुरतो. मीटर नसेल तर वर्तमानपत्र धरा. मथळा सहज आणि आतला मजकूर थोडे डोळे ताणून वाचता आला, तर उजेड पुरेसा समजा.

*अंतराने काय होतं?* अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो. 10 वॅटचा चांगला एलईडी फ्लडलाइट 5 मीटरवर साधारण 12 लक्स देईल, तर 10 मीटरवर 3. म्हणून घराच्या कोपऱ्यावर 50 वॅटचा एकच झोत लावण्यापेक्षा 10 वॅटचे दोन दिवे माणसाच्या वाटेजवळ लावा. मोठ्या झोताने जवळचा भाग पांढराफट्ट होतो, लांबचा काळाच राहतो आणि माडांच्या सावल्या अंगणभर पडतात. खर्चाचं म्हणाल तर 10 वॅटचा दिवा रात्री 12 तास जळला तर महिन्याला 3.6 युनिट होतात.

*कुठला रंग?* 3000 केल्विनच्या आसपासचा कोमट पांढरा घ्या. निळसर पांढऱ्या दिव्यावर पाखरं जास्त झेपावतात, आणि मृगाच्या तोंडावर वाळवीला पंख फुटले की संध्याकाळी दिव्याभोवती काय होतं ते कोकणात वेगळं सांगायला नको. पण म्हणून किडे न येणारा पिवळाधमक बल्ब लावू नका. त्यात निळा शर्ट काळा दिसतो आणि हिरव्याचा पत्ताच लागत नाही. जुन्या सोडियम दिव्याचंही तसंच. खोक्यावर सीआरआय 80 किंवा त्याहून जास्त लिहिलेलं बघा. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचं ते माप आहे.

*कुठे लावायचा?* कॅमेऱ्याला चिकटून कधीच नाही. दिवा लेन्सपाशी असला की पावसाचे थेंब, धुकं आणि पाखरं सगळी कॅमेऱ्याच्या नाकासमोर चमकतात आणि मागचा माणूस दिसत नाही. किमान दीड-दोन मीटर बाजूला सरका. माणसाच्या तोंडावर उजेड येईल अशी दिशा ठेवा. गेटच्या खांबावरचा दिवा माणसाच्या पाठीमागे आला तर चित्रात त्याची नुसती काळी सावली मिळते. पडवीतला उघडा बल्ब कॅमेऱ्याच्या चौकटीत दिसत असेल तर त्याला टोपण घाला किंवा त्याची जागा बदला. तो एक बल्ब बघून कॅमेरा सगळं चित्र काळवंडून टाकतो.

एक स्वस्त उपाय: जांभ्या चिऱ्याची भिंत आणि गडगा उजेड गिळतात. गेटच्या आतल्या बाजूच्या खांबांना आणि समोरच्या गडग्याला चुना मारा. तोच दिवा जास्त उजेड परत देतो आणि काळ्या कपड्यातला माणूस पांढऱ्या पार्श्वभूमीवर उठून दिसतो. मात्र कॅमेऱ्याच्या अगदी शेजारची भिंत पांढरी करू नका, तिची चमक थेट लेन्समध्ये शिरते.

इशारा: किनाऱ्यावर घर किंवा होमस्टे असेल तर समुद्राच्या दिशेने उजेड सोडू नका. वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं थंडीत अंडी घालायला येतात. पिल्लं बाहेर पडली की सगळ्यात उजळ क्षितिजाकडे चालू लागतात. तुमचा फ्लडलाइट त्यांना समुद्राकडून घराकडे वळवतो. पुळणीच्या बाजूला इन्फ्रारेड कॅमेराच ठेवा. रंगीत कॅमेरा आवाराच्या आत, दिव्यावर खाली वळणारं झाकण घालून. शेजाऱ्याच्या खिडकीत झोत जात नाही ना, हेही बघा. गावात कॅमेऱ्यापेक्षा उजेडावरून जास्त भांडणं होतात.

*सोलर दिवा चालेल का?* ऑक्टोबर ते मे चालेल. आषाढात चार दिवस मळभ राहिलं की मध्यरात्रीपर्यंत त्याची बॅटरी दम तोडते. मुख्य दिवा विजेवरचाच ठेवा, आणि तो इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. लाइट गेल्यावर कॅमेरा चालू आणि दिवा बंद, असा प्रकार फार घरांत आहे.

तपासा: रात्री गेटपाशी कोणाला तरी उभं करा आणि कॅमेरा जिथे बसणार तिथून साध्या मोबाइलने फोटो काढा. मोबाइललाही शर्टचा रंग नीट टिपता आला नाही, तर पुढचा टप्पा घेऊ नका. आधी दिवा हलवा.

टप्पा 3: कॅमेऱ्याची जागा

उंच ठिकाणी बसवला तर कॅमेरा सुरक्षित राहतो, पण चित्रात टाळू येतात. 4 मीटर उंचीवरचा कॅमेरा 4 मीटरवरच्या माणसाकडे तीसेक अंशांनी खाली बघतो, म्हणजे टोपी आणि कपाळ. चेहऱ्याच्या कॅमेऱ्याची उंची 2.2 ते 2.5 मीटर ठेवा. तो हाताला लागेल अशी भीती असेल तर त्याच्यावर नजर ठेवणारा दुसरा कॅमेरा उंचावर लावा.

कोकणात यात छत्रीची भर पडते. जून ते सप्टेंबर येणारा-जाणारा छत्रीत किंवा रेनकोटच्या टोपीत असतो. गेटवरचा कॅमेरा त्या चार महिन्यांत छत्र्याच दाखवतो. माणूस छत्री मिटतो कुठे? पडवीच्या पायरीवर. म्हणून चेहऱ्याचा एक कॅमेरा पडवीच्या आतून पायरीकडे बघणारा हवाच. तिथे उजेडही हाताशी असतो आणि पाऊसही लागत नाही.

कौलारू घरात नेहमी होणारी चूक म्हणजे कॅमेरा वाशाच्या टोकाला, वळचणीच्या आत बसवणं. वरून बरं दिसतं, वायरही लपते. पण पाऊस सुरू झाला की कौलांच्या पागोळ्या नेमक्या लेन्सच्या समोर वीतभर अंतरावर पडू लागतात. रात्री दिव्यात त्या पांढऱ्या दोऱ्यांच्या पडद्यासारख्या चमकतात, कॅमेरा त्या चमकेच्या हिशेबाने बाकीचं चित्र गडद करतो आणि अंगण गायब होतं. शिवाय प्रत्येक पागोळी 'हालचाल' म्हणून मोबाइलवर वाजते ती वेगळीच. कॅमेरा एक तर पागोळीच्या रेषेच्या बाहेर, स्वतःच्या छोट्या छपराखाली घ्या, नाही तर पडवीच्या खांबावर इतका खाली की पागोळ्या चौकटीच्या एका कडेला जातील. पन्हळ लावलेली असेल तर हा प्रश्नच येत नाही.

झावळ्या, केळीची पानं आणि वेली लेन्सपासून तीन-चार मीटरच्या आत असू देऊ नका. जवळचं पान दिव्यात पांढरं होतं आणि कॅमेरा त्याच्या हिशेबाने बाकीचं चित्र गडद करतो. पत्र्याच्या शेडचंही तसंच.

शेजाऱ्याचं अंगण, विहीर, न्हाणीघर चौकटीत येत असेल तर कॅमेरा वळवा किंवा सेटिंगमधून तेवढा भाग झाकून टाका.

टप्पा 4: आता कॅमेरा निवडा

जाहिरातीतला मेगापिक्सेलचा आकडा रात्री फसवतो. त्याच आकाराच्या सेन्सरवर जास्त पिक्सेल कोंबले की प्रत्येकाच्या वाट्याला उजेड कमी येतो. 1/2.8 इंच सेन्सरच्या 8 मेगापिक्सेल कॅमेऱ्यापेक्षा 1/1.8 इंच सेन्सरचा 4 मेगापिक्सेल रात्री उजवा ठरतो. त्या सेन्सरचं क्षेत्रफळ दुपटीहून जास्त असतं.

दुसरा आकडा लेन्सच्या तोंडाचा. एफ 1.0 ची लेन्स एफ 2.0 च्या चौपट उजेड आत घेते, एफ 1.6 च्या अडीचपट. बदल्यात तिची फोकसची खोली कमी असते, फार जवळची वस्तू धूसर येते. गेटसाठी हे चालतं, दारातल्या बेलसाठी नाही. झूम करता येणाऱ्या लेन्समध्ये झूम वाढवला की बहुधा उजेड घटतो, म्हणून अंतर ठरलेलं असेल तर स्थिर लेन्सच घ्या.

माहितीपत्रकावर '0.0005 लक्समध्ये रंगीत' असं लिहिलेलं असतं. तो आकडा शटर रेंगाळवून आणि गेन (सेन्सरचा सिग्नल वाढवून चित्र उजळवणं) ताणून काढलेला असतो. उभा खांब त्यात सुंदर दिसतो, चालता माणूस पुसट होतो. तिकडे लक्ष देऊ नका.

'कलरव्ह्यू', 'फुल-कलर' अशा नावांच्या कॅमेऱ्यांत मोठ्या तोंडाची लेन्स आणि अंगचे पांढरे दिवे असतात. 'ड्युअल लाइट' प्रकारात एरवी इन्फ्रारेड चालतं आणि माणूस दिसला की पांढरा दिवा पेटतो. बंद घरासाठी हा प्रकार मला पटतो. रात्रभर पाखरं जमत नाहीत आणि अचानक पेटलेल्या दिव्याने आलेला माणूस दचकतो. पण पहिला सेकंद-दोन सेकंद कृष्णधवल जातात आणि पावसात तो दिवा लेन्सला चिकटूनच असतो. त्यामुळे बाहेरचा दिवा तरीही लावाच. तो लावल्यावर अंगचा पांढरा दिवा कमी करा किंवा बंद ठेवा.

बाहेरची बांधणी: पारदर्शक घुमट असलेला डोम कॅमेरा समुद्राजवळ टाळा. घुमटावर मिठाचा थर बसला की रात्री प्रत्येक दिव्याभोवती प्रभावळ दिसते. नळीसारखा बुलेट किंवा उघड्या डोळ्यासारखा टरेट घ्या, आयपी 67 दर्जाचा (म्हणजे धूळ-पाणी आत न शिरणारा). समुद्र हाकेच्या अंतरावर असेल तर पत्र्याच्या अंगापेक्षा चांगल्या प्लास्टिकचं अंग जास्त टिकतं. खोक्यात येणारे स्क्रू टाकून द्या आणि 316 दर्जाचे स्टेनलेस घ्या. एरवीचे पहिल्याच पावसाळ्यात गंजतात आणि भिंतीवर तपकिरी ओघळ सोडतात.

टप्पा 5: वायर आणि वीज

हा टप्पा रंगाशी संबंधित वाटत नाही, पण 'रात्रीच कॅमेरा बंद पडतो' ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते. रात्री दिवे पेटले की कॅमेरा जास्त करंट ओढतो. लांबच्या हलक्या वायरीत व्होल्टेज पडतं, कॅमेरा रीस्टार्ट होतो, पुन्हा दिवे लावतो, पुन्हा पडतो. दिवसा सगळं ठीक दिसतं.

नेटवर्क केबल शुद्ध तांब्याची घ्या. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल सर्रास विकली जाते. तार ब्लेडने खरवडा, आतून पांढरी निघाली तर परत करा. पीओईवर (नेटवर्क केबलमधूनच कॅमेऱ्याला वीज देण्याच्या पद्धतीत) एका केबलची मर्यादा 100 मीटर धरा. 12 व्होल्टच्या ॲडॉप्टरवर किंवा एसएमपीएसवर (वीजपुरवठ्याच्या डब्यावर) चालणारे कॅमेरे असतील तर रात्री, दिवे पेटलेले असताना, कॅमेऱ्याच्या टोकाला मल्टिमीटर लावा. 11 व्होल्टच्या खाली जात असेल तर जाड वायर टाका किंवा पुरवठा जवळ आणा.

जोड कधीही उघडा ठेवू नका. नुसती काळी पट्टी गुंडाळलेला जोड इथल्या हवेत एक पावसाळाही काढत नाही, आत तांब्यावर हिरवा गंज धरतो. जंक्शन बॉक्स घ्या, केबल खालच्या बाजूने आत न्या, जोडावर सिलिकॉन ग्रीस लावा आणि केबल बॉक्समध्ये शिरण्याआधी खाली झोळ द्या म्हणजे पाणी तिथून गळेल. भोकं नीट बुजवा. पाणी आलं नाही तरी मुंग्या येतात, आणि मागोमाग पाली.

इशारा: मांगरापर्यंत किंवा गेटपर्यंत तांब्याची केबल माडावरून माडावर टांगू नका. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजांनी अख्खा एनव्हीआर (रेकॉर्डिंग साठवणारा डबा) जातो. लांब पल्ल्याला फायबर टाका, बाकी लाइनला सर्ज प्रोटेक्टर लावा आणि अर्थिंग मोजून घ्या. कातळावर अर्थिंग मिळणं अवघड असतं. उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडला की ते नावापुरतंच उरतं, त्यात पाणी घालायची सवय ठेवा.

टप्पा 6: सेटिंग, याच क्रमाने

उजेड बरोबर असेल तर इथे फार काम उरत नाही. सगळे बदल रात्री, जागेवर उभं राहून करा. एका वेळी एकच.

1. वारंवारता 50 हर्ट्झ किंवा 'पाल' (PAL) करा. 60 वर राहिलं तर आपल्याकडच्या दिव्यांखाली चित्रात आडवे पट्टे फिरतात.

2. दिवस-रात्र मोड. बाहेरचा दिवा रात्रभर चालणार असेल तर 'रंगीत' असं कायम करा. 'ऑटो'वर ठेवलं आणि दिवा हालचालीवर पेटणारा असेल तर कॅमेरा रंगीत-कृष्णधवल अशा कोलांट्या मारत बसतो. दिव्याला फोटोसेल (काळोख पडला की दिवा आपोआप लावणारा सेन्सर) लावत असाल तर त्याच दिव्याचा उजेड त्याच्यावर पडू देऊ नका, नाही तर दिवा रात्रभर उघडझाप करतो.

3. शटर. रंगीत चित्राचा बळी सगळ्यात जास्त इथे जातो. 'ऑटो'मध्ये कॅमेरा काळोखात शटर 1/6 किंवा 1/3 सेकंदापर्यंत नेतो. चित्र उजळ दिसतं, मालक खूश. पण साधं चालणारा माणूस सेकंदाला दीड मीटर जातो. 1/3 सेकंदात तो अर्धा मीटर सरकतो आणि चेहऱ्याचा ओघळ होतो. 1/25 मध्ये तो 6 सेंटिमीटर सरकतो, 1/50 मध्ये 3. स्लो शटर बंद करा आणि 1/25 च्या खाली जाऊ देऊ नका. उजेड पुरत असेल तर 1/50. यामुळे चित्र काळं पडलं तर तो उजेडाचा निरोप आहे, टप्पा 2 कडे परत जा.

4. गेनची कमाल मर्यादा 100 वरून 50 ते 60 वर आणा. गेन जास्त असला की चित्रात रवाळ गोंगाट भरतो.

5. गोंगाट घालवणारं डीएनआर मध्यावर ठेवा. फार वाढवलं तर चेहरा मेणाचा होतो आणि हलणाऱ्या माणसामागे भुतासारखी सावली ओढली जाते.

6. डब्ल्यूडीआर (चित्रातले उजळ आणि काळोखे भाग एकत्र सांभाळणारं सेटिंग) रात्री बंद. चौकटीत झगझगीत दिवा टाळताच येत नसेल तरच चालू करा. गाड्यांचे झोत येत असतील तर एचएलसी (झगझगीत भाग दाबणारं सेटिंग) वापरून बघा.

7. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं असा रंगांचा तोल. पडवीत पिवळा बल्ब आणि अंगणात पांढरा दिवा असेल तर 'ऑटो' गोंधळतो. आधी दोन्ही दिवे एकाच छटेचे करा, मग पांढरा कागद धरून बॅलन्स कायम करा.

8. रेकॉर्डिंगचा दर्जा. 4 मेगापिक्सेलला एच.265 मध्ये (व्हिडिओ दाबून साठवायचा एक कोडेक) सेकंदाला 15 फ्रेम आणि 4 एमबीपीएस हा बरा मध्य आहे. या हिशेबाने एक कॅमेरा दिवसाला सुमारे 43 जीबी खातो. चार कॅमेऱ्यांना 2 टीबीची डिस्क जेमतेम 11 दिवस पुरते. जागा वाचवायला 'स्मार्ट' किंवा 'प्लस' कोडेक लावला असेल तर चेहऱ्याच्या कॅमेऱ्यावर तो बंद करा. तो जे बारकावे टाकून देतो, तेच आपल्याला हवे असतात.

9. तारीख-वेळ इंटरनेटवरून आपोआप जुळेल असं करा. पोलिसांना फुटेज देताना घड्याळ चाळीस मिनिटं मागे निघालं तर उगीच खुलासे करत बसावं लागतं.

इशारा: मोबाइलवर दिसणारं चित्र बहुधा हलक्या दर्जाच्या सब-स्ट्रीमचं असतं. ते बघून सेटिंग बदलू नका. निवाडा नेहमी रेकॉर्ड झालेल्या मुख्य स्ट्रीमवर करा.

टप्पा 7: अमावास्येची चाचणी

पौर्णिमेला घेतलेली चाचणी खोटी. चांदण्यात आकाश आणि पुळण दोन्ही उजळतात आणि सगळेच कॅमेरे चांगले वाटतात. अमावास्येच्या आसपास, शेजारच्यांचे दिवे मालवल्यावर घ्या.

एक माणूस लाल शर्टात, दुसरा गडद निळ्यात. दोघांनी आधी नेहमीच्या चालीने, मग भरभर गेटपासून पडवीपर्यंत यायचं. एकदा टोपी घालून, एकदा छत्री घेऊन. नंतर मेन स्विच पाडून, इन्व्हर्टरवर, पुन्हा तेच.

आता रेकॉर्डिंग उघडा, थेट चित्र नव्हे. माणूस ठरलेल्या अंतरावर असतानाची फ्रेम थांबवा आणि बघा: भुवया आणि केसांची कड सुटी दिसते का? निळा आणि काळा वेगळे ओळखता येतात का? चालताना हाताची बोटं दिसतात की नुसता फराटा? फराटा असेल तर शटर. चेहरा काळा आणि मागचं उजळ असेल तर दिव्याची दिशा. सगळंच रवाळ असेल तर उजेड कमी. रंग सरसकट पिवळे असतील तर बल्ब बदला. ज्यांनी घर आणि माणसं कधी पाहिली नाहीत अशा कोणाला तरी फ्रेम दाखवून शर्टचा रंग विचारा. आपल्या डोळ्यांना उत्तर आधीच माहीत असतं.

पहिल्या जोरदार पावसात हीच चाचणी पुन्हा घ्यायची.

टप्पा 8: खारा वारा, कोळी आणि पावसाळा

समुद्रासमोरच्या घरात काच दर पंधरा दिवसांनी, आत गावात असाल तर महिन्याने. पद्धत महत्त्वाची आहे. आधी गोड्या पाण्याचा हलका फवारा, मीठ विरघळू द्यायचं, मग मऊ कापडाने टिपायचं. कोरड्या फडक्याने पुसलं तर मिठाचे कण काचेवर ओरखडे काढतात आणि मग प्रत्येक दिव्याला कायमचे किरण फुटतात.

कोळ्यांचं जाळं ही वर्षभराची कटकट आहे. लेन्ससमोरचा एक धागा रात्री दोरखंडाएवढा दिसतो आणि वाऱ्याने हलला की दर मिनिटाला सूचना. दिवा कॅमेऱ्यापासून दूर ठेवल्याने पाखरं कमी होतात आणि कोळीही कमी येतात. उरलेली जाळी लांब काठीच्या मऊ ब्रशने काढा. कीटकनाशक थेट लेन्सवर मारू नका, काचेवर तेलकट थर बसतो.

मे महिन्यात झावळ्या उतरवतानाच कॅमेऱ्यांची फेरी घ्या: जंक्शन बॉक्स उघडून बघा, ग्रीस नव्याने लावा, भिंतीतले स्क्रू हलवून बघा, इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घाला, कॅमेऱ्याच्या काचेवर आतून बाष्प धरतं का तेही बघा. आतून बाष्प असेल तर सील गेलं, जूनच्या आधी बदला.

घर बंद असेल तर चावी ज्यांच्याकडे आहे त्यांना दोनच कामं सांगा: संध्याकाळी दिवा पेटतो का बघणं आणि काच धुणं. कॅमेरा वळवू नका, वायर काढून लावू नका, हेही सांगून ठेवा. मुंबईतून आठवड्याला एकदा रात्री दहानंतरचं रेकॉर्डिंग उघडा आणि अंगणातल्या एका ठरलेल्या रंगीत वस्तूकडे बघा, तुळशी वृंदावनाचा रंग किंवा दोरीवर मुद्दाम ठेवलेला लाल टॉवेल. तिचा रंग मागच्या आठवड्यापेक्षा फिका दिसला तर आधी काच धुवायला सांगा, मग दिवा बघायला.

प्रसंग घडलाच, तर रेकॉर्डिंगचा मोबाइलवरून फोटो काढून गावच्या ग्रुपवर फिरवण्याआधी मूळ फाइल पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. डिस्क 11 दिवसांनी जुनं पुसून टाकते. पुढे न्यायालयात फुटेज पुरावा म्हणून द्यायचं झालं तर 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार सोबत प्रमाणपत्र लागतं. त्यामुळे फाइल कोणी, कधी आणि कुठल्या एनव्हीआरमधून उतरवली ते त्याच दिवशी लिहून ठेवा.